वाड्यात सापडलेली सोनेरी चित्रांची पोथी: वय आणि सोनं नंतर, आधी हे बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सोलापूरच्या दक्षिण कसब्यातला आजोबांचा वाडा रिकामा करताना पोटमाळ्यावर लाल कपड्यात बांधलेली पोथी सापडली, वर-खाली लाकडी फळ्या, आत सुटी आडवी पानं, देवनागरी अक्षर, बऱ्याच पानांवर चित्रं आणि त्यात सोनेरी रंग. काही पानं एकमेकांना चिकटलीत, कसर लागलीय, चित्रांमध्ये मधेच काळे डाग आहेत. कुणीतरी सांगितलं की ही पंधराव्या शतकातली मध्ययुगीन पोथी आहे. तुम्हाला हवंय ते असं की वय किती, सोनं खरं का, साफ कशी करायची, आणि काका म्हणतात तसं लॅमिनेशन करून घ्यायचं का. शिवाय चुलतभावाला त्यातली चार चित्रं फ्रेम करून हॉलमध्ये लावायचीत.

मी सोलापुरात आणि आजूबाजूच्या गावांत जुन्या पोथ्यांच्या जतनाचं काम करते, आणि जवळपास प्रत्येक घरात हेच प्रश्न याच क्रमाने येतात. पण वय आणि सोनं कुठे पळून जात नाही हो, ते सहा महिन्यांनी तपासलं तरी तेवढंच निघणार. खरी अडचण पुढच्या आठ-पंधरा दिवसांची आहे. दीड-दोनशे वर्षं पोटमाळ्यावरचा उन्हाळा सोसलेली पोथी सापडल्यानंतर महिन्याभरात खलास होते, आणि ती करतात घरचेच, प्रेमाने, साफसफाई करून. म्हणून मी क्रम उलटा करून लिहिते.

एक आधीच सांगते, फोटो न बघता मी जे सांगतेय त्यातलं बरंचसं परिस्थितीवर आहे. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर एक उत्तर, रंग घट्ट असेल तर दुसरं. कागद मऊ असेल तर गोष्ट वेगळी आणि बोट लागताच कडा मोडत असेल तर वेगळी. पण काही गोष्टी कुठल्याही परिस्थितीत करायच्या नाहीत, त्यांच्यापासून सुरू करू.

ओलं फडकं अजिबात लावायचं नाही, अगदी "किंचित दमट" सुद्धा नाही. आपल्याकडची पोथ्यांची शाई म्हणजे मुळात काजळ आणि डिंक, ती कागदाच्या वर बसलेली असते, आत मुरलेली नसते. पाणी लागलं की डिंक सुटतो आणि अक्षर पसरतं. यूट्यूबवर युरोपातल्या मध्ययुगीन ग्रंथांच्या सफाईचे व्हिडिओ बघून लोक मला विचारतात, पण तिथली पानं वासराच्या नाहीतर मेंढीच्या कातड्याची, शाई बहुतेक लोहयुक्त, म्हणजे पृष्ठभागाला चावून आत जाणारी. तिथला उपाय इथे लावला तर वाट लागते. (आणि तिथेही ते काम वर्षानुवर्षं शिकलेली माणसं करतात, व्हिडिओत सोपं दिसतं इतकंच.)

लॅमिनेशनमध्ये उष्णता आणि चिकट प्लॅस्टिक दोन्ही येतं, आणि ते परत निघत नाही, विषय संपला. सेलोटेपचंही तेच, काही वर्षांत टेप सुटून येते पण तिचा पिवळा चिकटा कागदात कायमचा राहतो. चिकटलेली पानं पातळ सुरी किंवा पट्टी घालून सोडवू नका. रंगातला डिंक पावसाळ्यात ओला होऊन समोरच्या पानाला धरतो, ओढलं की चित्र अर्धं इकडे अर्धं तिकडे. ती तशीच जोडीने राहू द्या. आणि ऊन दाखवायची जी जुनी पद्धत आहे ना, दसऱ्याच्या आधी पोथ्या अंगणात मांडायची, ती सावलीत वारा देण्यापुरती ठीक. आपल्या सोलापूरचं ऊन म्हणजे ऊन आहे, मे महिन्यात चाळिशीच्या पुढचं, त्यात कागद कडक होऊन कुरकुरीत होतो आणि रंग उडतो.

आता काळे डाग. हे मी जरा सविस्तर लिहिते कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. तुम्ही लिहिलंय की नदी किंवा तळ्यासारख्या भागात काळं आहे. तसं असेल तर बहुतेक तो डाग नाहीच, ती चांदी आहे. पाणी, आरसा, तलवारीचं पातं असं काही चकाकतं दाखवायला चित्रकार चांदीचा रंग वापरायचे, आणि चांदी हवेने काळी पडते. ते पाणी एकेकाळी चमकत होतं. घरची मंडळी ते "मळ" समजून खोडरबरने घासतात, मग खाली नुसता कागद दिसायला लागतो. हिरव्या रंगाच्या जागी कागद तपकिरी होऊन तडकला असेल, कधी हिरव्या रेषेवरच पान कापल्यासारखं तुटलं असेल, तर तो जंगाल, म्हणजे तांब्यापासून केलेला हिरवा, तो कागदाला हळूहळू खातो. ते कुणी फाडलेलं नाही. सफेदा किंवा शेंदूर शिशाचा असेल तर तोही काळवंडतो, त्यामुळे देवाचा चेहरा राखाडी दिसतोय म्हणून दिव्याची काजळी बसलीय असं लगेच धरू नका. आणि मजकुरात मधेच पिवळे पट्टे दिसतील, काही अक्षरांवर पिवळा रंग फासलेला. ती हरताळ, लेखकाने चूक झाली तिथे लावलेली, आपल्या व्हाइटनरसारखी. हे सगळं पोथीच्या गोष्टीचाच भाग आहे, ते पुसलं की साफ काहीच होत नाही, पुरावा तेवढा जातो.

हरताळीत आर्सेनिक असतं आणि लाल हिंगुळात पारा. घाबरण्यासारखं काही नाही, पण थुंकी लावून पान उलटायची सवय ज्यांना आहे त्यांना पोथीपासून लांब ठेवा. हातमोजे मात्र नकोत, कापडी मोज्यात कागदाची कड अडकते आणि बोटाला काही कळत नाही. स्वच्छ कोरडे हात, दोन्ही हातांनी पान खालून उचलायचं, नंतर साबणाने हात धुवायचे.

सोन्याचं बोलू. सराफाकडे नेऊ नका, तो घासूनच बघणार, त्याचा दोष नाही, त्याचं काम तसंच असतं. सोन्याचा वर्ख मधात नाहीतर डिंकात खलून रंग करायचे, तो लावून झाला की गारेच्या गुळगुळीत दगडाने घोटायचे. खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च पानाच्या एका बाजूने अगदी तिरका धरा, पानावर सरळ नाही. खरं सोनं पिवळं-उबदार चमकतं आणि शेकडो वर्षांनीही तसंच राहतं. पितळेची पूड असेल तर ती हिरवट-तपकिरी झालेली असते, कडेला कागदावर तोच रंग पसरलेला. आणि नुसता पिवळा, अजिबात न चमकणारा असेल तर ती परत हरताळच, सोन्याच्या जागी स्वस्तात वापरलेली. पण खरं निघालं तरी वजनाने ते इतकं नगण्य असतं की त्या हिशोबाने किंमत काढण्यात अर्थ नाही.

वयाचं आता. कुणी "पंधरावं शतक" म्हणालं असेल तर त्यांना विचारा, कशावरून? चित्रांवरून अंदाज बांधता येतो पण सगळ्यात आधी शेवटचं पान बघा. तिथे बहुतेक वेळा पुष्पिका असते, लिहिणाऱ्याचं नाव, गाव, कुणासाठी लिहिलं, आणि तारीख. "शके 1700 विलंबीनाम संवत्सरे" असं काही असेल तर शकात 78 मिळवायचे, 1778 इसवी आलं. संवत असेल तर 57 वजा करायचे, महिन्याप्रमाणे कधी 56. संवत्सराच्या नावाने तपासणी होते, साठ वर्षांचं चक्र आहे, 2018 च्या पाडव्याला विलंबी संवत्सर लागलं होतं म्हणजे शके 1940, त्यातून साठ-साठ चारदा वजा केले की 1700 बरोबर बसतं. शक आणि संवत्सर जुळत नसेल तर लिहिणारा चुकला असेल, किंवा तारीख नंतर कुणी घुसडली असेल. फक्त पोथी उत्तरेकडची, संवतातली असेल तर तिथली संवत्सरांची मोजणी वेगळी, हा हिशोब तिला लावू नका.

इथे एक मोठी गल्लत होते. ग्रंथ रचल्याची तारीख वेगळी आणि ही प्रत लिहिल्याची वेगळी. ज्ञानेश्वरीच्या शेवटी "शके बाराशे बारोत्तरे" आहे, म्हणजे 1290, एकनाथांनी पाठ शुद्ध केला त्याची ओवी शके 1506 सांगते, म्हणजे 1584, आणि हे दोन्ही आकडे दीडशे वर्षांपूर्वी नकललेल्या पोथीतही जसेच्या तसे असणारच, कारण ते मजकुरातच आहेत! लोक 1290 वाचतात आणि उड्या मारतात. कधी कधी नक्कल करणारा समोरच्या जुन्या प्रतीची पुष्पिकासुद्धा तारखेसकट उतरवून घेतो. म्हणून तारीख मिळाली तरी कागद आणि अक्षर तिला साथ देतात का ते बघायचं. कागद उजेडासमोर धरला की हातकागदात चाळणीच्या बारीक रेषा दिसतात, आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा आणि जुन्नरचा कागद खूप चालायचा. उजेडात विलायती कंपनीचं चिन्ह दिसलं तर पंधरावं शतक विसराच. अक्षरात "के", "दे" यांची मात्रा डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभ्या दांड्यासारखी दिली असेल तर ती पडीमात्रा, जुनी पद्धत, सतराव्या शतकानंतर ती कमी होत गेली.

आणि ती पोथी हाताने लिहिलेली आहे का हे एकदा बघाच. वाईट वाटून घेऊ नका, पण मला "हस्तलिखित" म्हणून दाखवलेल्या पोथ्यांत शिळाछापाच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या, बऱ्याच निघतात. 1831 मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापलं, आणि नंतर कित्येक वर्षं पोथ्या त्याच आडव्या आकारात, सुट्या पानांत, हाताच्या अक्षरासारख्या छापल्या जायच्या, चित्रं कधी वरून हाताने रंगवलेली. भिंगातून बघा, बोरूने लिहिलेल्या अक्षरात शाई कुठे गडद कुठे फिकी होते, बोरू परत बुडवला ती जागा लगेच कळते. शिळाछापात काळेपणा सगळीकडे सारखा. तशी निघाली तरी तिला टाकून देऊ नका, एकोणिसाव्या शतकातल्या छापील पोथ्याही आता सहज मिळत नाहीत.

उलटी फसवणूकही असते. जुन्या वहीची नाहीतर फारसी पोथीची पानं घेऊन त्यावर नवं चित्र काढून "मुघल मिनिएचर" म्हणून विकतात. ओळखायला सोपं आहे, चित्र अक्षरांच्या वरून गेलेलं असतं, आणि कसरीने पाडलेल्या भोकाच्या आतल्या कडेला रंग उतरलेला दिसतो. भोक आधी आणि रंग नंतर, हे कसं शक्य आहे? तुमची पोथी घरच्या माळ्यावरची आहे, त्यामुळे ही शक्यता कमी, पण भोकं बघून घ्या.

मध्ययुगीन म्हणजे काय हे कळावं म्हणून थोडं. सगळ्यात जुन्या सचित्र पोथ्या बंगाल-बिहारकडच्या पाल काळातल्या, ताडपत्रावरची बौद्धांची प्रज्ञापारमिता वगैरे, दहावं-अकरावं शतक. मग पश्चिमेकडची जैन कल्पसूत्रं, आधी ताडपत्रावर, मग कागद आला. सुरुवातीला चित्रामागचा रंग लाल, पंधराव्या शतकात निळा आणि सोनं भरपूर. गंमत म्हणजे ताडपत्रात दोरीसाठी भोक असायचं, कागदावर त्याची गरज उरली नाही तरी त्या जागी पानाच्या मध्यभागी ठिपका काढत राहिले. आणि आपल्या दाराशी म्हणाल तर दख्खनची चित्रशैली. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात "तारीफ-इ-हुसेनशाही" आहे, अहमदनगरच्या हुसेन निजामशाहावरची, 1565 च्या आसपासची. याच हुसेनशाहाने चांदबिबीचं लग्न अली आदिलशाहाशी लावताना सोलापूर आंदण दिलं होतं, म्हणजे आपला भुईकोट किल्ला त्या लग्नाच्या यादीत होता बघा. त्या पोथीतल्या चित्रांत राणीची आकृती नंतर कुणीतरी रंग फासून झाकलेली आहे, तेही कुणी खरवडून "दुरुस्त" केलं नाही म्हणून आज अभ्यासता येतं. विजापुरात 1570 ची "नुजूम-उल-उलूम" नावाची सचित्र पोथी झाली, ती आता डब्लिनला आहे. पण ही सगळी दरबारी, शिवलेली, जिल्द बांधलेली पुस्तकं. तुमची आडवी, सुटी, फळ्यांतली, ही वेगळी परंपरा. माझा अंदाज विचाराल तर अठरावं शतक किंवा एकोणिसाव्याचा पूर्वार्ध, पंचरत्नी गीता किंवा सप्तशती, पण हा नुसता तुमच्या वर्णनावरून, पैज लावू नका.

आपल्या भागात एक मात्र लक्षात ठेवा, सोलापुरात घर कुणाचं त्यावर पोथी कानडी, तेलुगू, मोडी, फारसी काहीही असू शकते. त्याच पोटमाळ्यावर ताडपत्राची गठडी असेल, तर तिला कागदाच्या पोथीचे नियम लावू नका. ताडपत्रावर अक्षर लोखंडी लेखणीने कोरून त्यात काजळ भरलेलं असतं, तिला जाणकार लोक विशिष्ट तेल लावतात. ते ऐकून कागदी पोथीला तेल लावलेलं घर मी पाहिलंय. आपल्या जुन्या नकलकारांनी पोथीच्या शेवटी लिहूनच ठेवलंय, "तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् । मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥" तेल, पाणी, सैल बांधणी, आणि अडाणी हात. यादी अजून तीच आहे.

मग करायचं काय? आधी आहे त्या क्रमातच पानं वरून मोबाईलने काढा, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, दोन्ही बाजू. फ्लॅटबेड स्कॅनरवर पालथी घालू नका. पानाला आकडा बहुधा एकाच बाजूला असतो, कारण त्यांची मोजणी पानाची होती, पृष्ठाची नाही, त्यामुळे अर्धी पानं गहाळ झाली असं समजू नका. आकडे मागेपुढे असले तरी फोटो होईपर्यंत क्रम बदलू नका. समास नीट बघा, चित्राशेजारी कधी चित्रकारासाठी बारीक अक्षरात सूचना असते, इथे अमुक काढ म्हणून. फळ्यांना, कपड्याला, मधे ठेवलेल्या चिठ्ठ्यांना फेकू नका, त्यावर मोडीत कुणाचं नाव, कर्जाचा हिशोब काहीही असतं आणि पोथी कुणाकडून आली ते तिथूनच कळतं.

धूळ फक्त कडांवरची आणि कोऱ्या समासातली, मऊ कोरड्या ब्रशने, बाहेरच्या दिशेने. चित्रावर ब्रश नाही. भोकांतून ताजी पांढरट पूड गळत असेल तर कसर जिवंत आहे, ती पोथी बाकीच्या पुस्तकांपासून वेगळी ठेवा. डीप फ्रीझरचा उपाय नेटवर सापडेल, रंगाचे पापुद्रे सुटत असलेल्या पोथीला तो घरी करू नका.

बांधायला जुना लाल कपडा नको, पावसाळ्यात गळती झाली की त्याचा रंग पानात उतरतो. तो वेगळा जपून ठेवा. चाटी गल्लीत साधा बिनरंगाचा मांजरपाट घ्या, गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन त्याची खळ पूर्ण काढा, खळ म्हणजे कसरीचं जेवण. पूर्ण वाळल्यावर पोथी फळ्यांसकट घट्ट पण आवळून नाही अशी बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, जून-जुलैत आत दमट होऊन बुरशी धरते. लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, आडवी. वेखंडाची पुरचुंडी जवळ चालेल, पानांना लागून नाही. डांबरगोळ्या मी टाळते.

देवघरात नको, तेलाचा दिवा आणि उदबत्तीचा धूर दोन्ही वाईट. आणि दसऱ्याला पूजा करणार असाल, करालच, तर गंध-कुंकू-हळद बासनाच्या कपड्यावर, पोथीवर नाही. पानात अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या मला कायम सापडतात, तांदळाला किडे येतात आणि पाकळीचा डाग जात नाही. वाचायला छापील प्रत घ्या. हे आजीला सांगणं कागद सांभाळण्यापेक्षा अवघड आहे, मला माहितीय.

कायद्याचं थोडक्यात. 1972 च्या पुरावशेष कायद्यात हस्तलिखितासाठी मर्यादा 75 वर्षांची आहे, इतर वस्तूंना शंभर. सचित्र हस्तलिखितं नोंदणी करायच्या यादीत येतात, तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे फोटोंसकट अर्ज करायचा. घरात असणं गुन्हा नाही. नोंद झाल्यावर कुणाला दिली किंवा विकली तर तेही कळवावं लागतं, आणि परदेशात पाठवता येत नाही, अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणूनसुद्धा. दुरुस्तीसाठी पुण्यात भांडारकर संस्थेत आधी चौकशी करा. केंद्राचं हस्तलिखित मिशन 2003 पासून होतं, आता 2025 च्या बजेटपासून ज्ञान भारतम् नावाने सर्वेक्षण चालू झालंय, त्यात नोंद करता येते आणि नोंद केली म्हणून पोथी द्यावी लागत नाही.

राहिला चुलतभाऊ. चार पानं फ्रेम केली की त्यांचा क्रम जातो, मागचा मजकूर झाकला जातो, हॉलच्या उजेडात रंग उडतो, आणि उरलेली पोथी अपुरी म्हणून कुणी विचारत नाही. वाटणीत पोथी पानांनी वाटलेली घरं मी पाहिलीत, नंतर कुणालाच काही मिळत नाही. त्याला त्या चार पानांचे चांगले फोटो मोठ्या आकारात चांगल्या कागदावर छापून द्या, भिंतीवर लांबून काही फरक कळत नाही.

आता फोटो टाका, म्हणजे पुढचं बोलता येईल: पहिलं पान, शेवटचं पान दोन्ही बाजूंनी, काळ्या डागाचं एक चित्र सरळ उजेडात आणि तेच तिरक्या उजेडात, एका पानाची कड जवळून, आणि फळ्यांची आतली बाजू. पुष्पिकेत किंवा चिठ्ठीत घराण्याचं नाव, पत्ता असेल तर तेवढं झाकून टाका, सोनेरी पोथी कुठल्या घरात आहे हे सगळ्या गावाला कळायची गरज नाही.